सासऱ्यांचा शब्बाथ आणि आईचा कोंबडा

माझ्या सासऱ्यांइतका नियमांचा पक्का माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि इतके नियम पाळूनही इतका गोड राहिलेला तर नाहीच नाही. भिंगारला मिलिटरीच्या डेपोत त्यांनी आयुष्यभर स्टोअरकीपरी केली. त्यामुळे देवाच्या आज्ञासुद्धा ते यादी हातात घेऊन तपासल्यासारख्या पाळत. लग्नाला गेले तरी खांद्याच्या पिशवीत स्वतःचं ताट, वाटी, पेला. ते बेने इस्राएल ज्यू, आम्ही ख्रिस्ती. त्यांच्या मुलीशी मी लग्न केलं तेव्हा वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका नाताळला सासूबाईंना घेऊन थेट जेवायलाच आले. कोंबडा त्यांनी आदल्या दिवशी स्वतः रीतीने कापून पाठवला होता, तरी उंबऱ्यातूनच माझ्या आईला विचारलं, "विहीणबाई, रश्श्यात दही?" मांसाबरोबर दूधदुभतं त्यांना चालत नसे. पुढच्या वर्षी ते फाटकात दिसताच आई ओरडली, "दही न्हाई, तूप न्हाई, लोणी न्हाई! या आता आत!"

सगळ्यात कडक त्यांचा शब्बाथ. शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही, वाहनात बसायचं नाही. एकदा नाताळ शनिवारी आला, तर दोघं भिंगारहून आमच्या घरापर्यंत चालत आली. वाटेत एका रिक्षावाल्याने "बाबा, बसा, फुकट सोडतो" म्हटलं, तेव्हा ह्यांनी त्यालाच अर्धा तास उभा करून शब्बाथ समजावून सांगितला. शेवटी तो बिचारा घाईघाईने पाया पडून निघून गेला.

सहा वर्षांनी नाताळ पुन्हा शनिवारी आला. एव्हाना त्यांचे भाऊ आणि दोन्ही मुलगे इस्राएलला गेले होते, सासूबाईंना नीट दिसत नव्हतं आणि ह्यांचे गुडघे पार गेले होते. त्यांनी निरोप धाडला, "तुमचा मोठा सण आहे, पाहुणे असतील. यंदा आम्ही नाही आलो तरी चालेल." बायको रडायला लागली. त्या घरात एवढ्या सणाला दोघंच समोरासमोर बसून जेवणार, हे मलाही सोसवेना. आई मात्र चिडली. "नाताळ काय माज्या चुलीला बांधलाय व्हय? रिक्षा आन!"

शुक्रवारी दुपारी ती चार नारळ आणि पिशवीत जिवंत कोंबडा घेऊन भिंगारला पोचली. सासऱ्यांनी तो कापला आणि आईने त्यांच्याच भांड्यांत नारळाच्या दुधातला रस्सा चढवला. सासरे दारात उभे राहून सूर्यावर नजर ठेवून होते. "विहीणबाई, वीस मिनिटं उरली!"

"व्याही, तुमी सूर्याला धरून ठेवा, मी रस्सा बघते!"

रस्सा वेळेत झाला. दिवस बुडायच्या आत पातेलं शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चर्चमधून आम्ही सगळे तिथेच जेवायला गेलो. रस्सा कोमट होता, पण सासऱ्यांनी तीनदा वाढून घेतला आणि तिन्ही वेळा दह्याची चौकशी केली. सासूबाई बोटांनी चाचपून तेलात तळलेल्या करंज्या मोजत होत्या आणि दर वेळी चुकून पुन्हा सुरुवात करत होत्या. मी फार सुखात होतो.

निघायच्या वेळी आई पदर खोचून ताटं उचलायला लागली. सासऱ्यांनी तिला थांबवलं. मला वाटलं, आता शब्बाथचा आणखी एखादा नियम निघणार.

"राहू द्या, विहीणबाई," ते म्हणाले. "खरकटी राहू द्या. रात्री घासू आम्ही. तोवर घरात माणसं आहेत असं वाटेल."

आईने हातातलं ताट हळूच होतं तिथे ठेवलं.