धाकट्या दिराची पणजी

डिसेंबरातला दुसरा रविवार. गाडीत चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी आमची मुलगी. शेजारी सांगितलं होतं, एका दिवसात पणजी करून येतो. डबे, पाण्याच्या बाटल्या, सासूबाईंच्या गोळ्या, घाटासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं आदल्या दिवशीच दाराशी भरून ठेवलं होतं. तिथं पोहोचल्यावर कोणी काय बोलायचं, एवढं मात्र ठरवलं नव्हतं.

जायचं होतं धाकट्या दिरांना भेटायला. ते पणजीत, नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटतात. पाळ्या, पगार, रजा असलेली ती साधी नोकरी आहे. सासऱ्यांना ती कधी पटली नाही. शेवटच्या आजारपणात ते म्हणाले होते, "पत्ते वाटणाऱ्या हातचं पाणी मला नको." ते कानावर गेल्यावर दीर आले नाहीत. फेब्रुवारीत सासरे गेले, तेव्हाही नाहीत.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळे बसलेले, खाली आम्ही हात जोडून. नवरा म्हणाला, "आईला सांभाळतो." कावळा हलला नाही. चुलत सासरे म्हणाले, "बांधाचं भांडण मिटवतो." तरी नाही. ऊन चढत चाललं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याला वर्षश्राद्धाला पाटावर बसवते." कावळा लगेच उतरला. योगायोग असेल. पण सगळ्या भावकीनं पाहिलं, आणि पिंडापुढं दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. आता वर्ष भरत आलं होतं.

आजऱ्यात सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि काजू घेतले.

"गोव्याला काजू घेऊन कोण जातं?" नवरा म्हणाला.

"गोव्याचं गोव्याला लखलाभ. हे आजऱ्याचं हाय," त्या म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. आंबोलीच्या वळणांतही त्यांनी ती खाली ठेवली नाही.

पणजीत नदीकाठच्या बाकावर बसलो. समोर बोटी. भर दुपारी दिवे लागलेले. माणसांची ने-आण करणाऱ्या लहान होड्या भरून जात आणि भरूनच परत येत. टोप्या घातलेली कुटुंबं बोटींकडे पाठ करून फोटो काढत होती. मुलीनं आमचाही काढला. त्यात आम्ही चौघं बँकेत नंबर लागायची वाट बघणाऱ्यांसारखे दिसतो. मला काही वाटत नव्हतं. डब्यातल्या भाकरी कडक होतील, एवढंच डोक्यात होतं.

"हे बंद कधी होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"होत नाही, आजी," मुलगी म्हणाली.

"मग झाडून कधी काढत्यात?"

दीर सुट्टीच्या तासात होडीनं काठावर आले. काळी पँट, काळं जॅकेट, पूर्वीपेक्षा बारीक. आईच्या पाया पडले. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि आधी जेवायला वाढलं. ते भराभर जेवले. मग त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीत यायचं. पाटावर बसायचं."

"बाबांनी नको म्हटलंय, आई. ते गेल्यावर त्याचं हो कसं हुईल?"

"कावळ्यानं हो म्हटलंय की."

"कावळ्याला काय कळतंय?"

"तुझ्यापरास जास्त कळतंय. दहा वाजल्यापास्नं उपाशी बसलं हुतं ते."

मुलगी हसली. दीरही हसले, पण नदीकडे बघत. नवरा भाकरीचा तुकडा मोडत राहिला. त्यानं बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "पार्किंगचा वेळ संपत आलाय."

जायची वेळ झाली तशी सासूबाईंनी काजूची पिशवी पुढं केली. दीर उठले आणि पिशवी घ्यायच्या आधी त्यांनी टाळी वाजवल्यासारखे तळहात जुळवले, मग दोन्ही हात आईपुढं उघडून उलटसुलट करून दाखवले. त्यांचं त्यांनाच ते उशिरा लक्षात आलं.

"हे काय, काका?" मुलीनं विचारलं.

"सवय गं. टेबल सोडताना दाखवायला लागतं, हातात काय न्हाय म्हणून. वर कॅमेरा असतो."

सासूबाईंनी ते हात धरले, उलटे केले, सुलटे केले. पोरगं शाळेला निघताना नखं बघावीत तसे बघितले. "स्वच्छ हाईत की," म्हणाल्या, आणि पिशवी त्यांत ठेवली.

होडीपर्यंत मी बरोबर गेले. "भावोजी, नक्की काय सांगू त्यांना?"

"आत्ता काय सांगू नका, वहिनी. तिथीची तारीख पाठवा. रजेचं बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो."

परतीच्या वाटेवर सासूबाई एकदाच म्हणाल्या, "यील त्यो." घरी आल्यावर मी डबे घासले, उरलेल्या गोळ्या जागेवर ठेवल्या, गाडी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी गुरुजींना फोन करून तारीख काढून घेतली. चुलत सासऱ्यांना सांगितली, आचाऱ्याला सांगितली, केळीची पानं देणाऱ्याला सांगितली. पाट दोन काढून धुऊन ठेवले. सासूबाई रोज विचारतात, "कळवलंस न्हवं त्याला?" मी म्हणते, कळवते.

तारीख पाठवली की उत्तर येणार. मेसेज लिहून ठेवला आहे. पाठवायचा राहिला आहे.