एका हातानं मिटणारा चाकू

माझ्या पर्समध्ये चाकू असतो हे कळलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग पर्सकडे. सिंदेवाहीला धानाच्या संशोधनाच्या शेतावर मी काम करते. दिवसभर लोंब्या कापायच्या, सुतळ्या तोडायच्या, बियाण्याच्या पिशव्यांची तोंडं फोडायची. दातांनी किती तोडणार? इतक्या वर्षांत मी पाच-सहा चाकू वापरले. त्यातले बहुतेक धानाच्या बांधीतल्या चिखलात गेले आणि एक मैत्रिणीनं आंबा कापायला नेला तो तिकडेच राहिला. त्यामुळे चाकूबद्दल मला मतं आहेत, आणि ती न विचारताही मी सांगते. पातं मधल्या बोटापेक्षा लांब नको, कारण गडचिरोलीकडच्या रस्त्यावर पोलीस बस थांबवून पिशव्या बघतात; पातं लांबलं की प्रश्नही लांबतात. मूठ काळी नको, चिखलात दिसत नाही. पोलाद थोडं गंजलं तरी चालेल, पण घरच्या दगडावर धार लागली पाहिजे. एवढं कळलं म्हणजे चाकूतलं सगळं कळलं, असं मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत धरून चालले होते.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना लकवा झाला. आमचं घर ढिवरांचं, गाव गडचिरोलीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला लागून. वडिलांचं सगळं आयुष्य त्या तलावात मासे धरण्यात गेलं. लकव्यानं उजवी बाजू नेली. हात लोंबतो, पाय ओढत न्यावा लागतो. दवाखान्यातून आल्यावर काही महिने ते नुसते पडून होते. मग एक दिवस छपरीत बसून डाव्या हातानं जाळं विणायला लागले. जाळ्याचं टोक खांबाला बांधलेलं, बांबूची सुई डाव्या हातात, आणि गाठ ओढायला उरलेसुरले दात. एक गाठ व्हायला पूर्वीच्या दहा गाठींचा वेळ लागायचा, पण व्हायची. अडायचं ते दोरा कापताना. नायलॉनचा दोरा त्यांच्या दातांना दाद देत नाही, आणि त्यांचा जुना घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात.

सुरुवातीला त्यांनी चाकू उघडाच मांडीशी ठेवला. उजव्या मांडीला काही कळत नाही, हे आम्हाला माहीत होतं, त्यांना तर होतंच. तरी एका दुपारी माय चहा घेऊन छपरीत आली तेव्हा जाळं लाल झालेलं. पातं मांडीत रुतलेलं आणि हे आपले गाठ मारत बसलेले. मायनं पातं काढलं, जखम बांधली आणि चाकू नेऊन धानाच्या कोठीत टाकला. "आता उघडा चाकू दिसला का तलावात फेकीन," ती म्हणाली. विळ्यालाही तोच कायदा लागू झाला. कात्री डाव्या हातात दोरा कापायचीच नाही, नुसता दुमडायची.

मग हाकांचे दिवस सुरू झाले. "एऽ, काप." माय चुलीवरून उठून यायची, दोरा कापायची, परत जायची. भाऊ घरी असला तर तो. कोणीच नसलं तर रस्त्यानं जाणारा एखादा. दिवसातून तीस-चाळीस वेळा. माय कधी कुरकुरली नाही, पण उठायला तिला जरा वेळ लागायला लागला, आणि वडिलांना तो कळत होता. हाका कमी झाल्या. एका रविवारी मी गेले तर जाळं आदल्या रविवारी होतं त्याच ओळीवर थांबलेलं.

"काऊन बा, जाळं थांबलं?"

"कोनाकोनाले बलावू?" ते म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले.

मला ते फार लागलं. रडू वगैरे आलं नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही. पण दुसऱ्याच क्षणी मी मायसमोर उभी होते. चाकू आणायची परवानगी मागत होते, जशी लहानपणी नाटकाला जायची मागायची.

"मिटनारा आन," ती म्हणाली. "कापलं का मिटला पायजे. नाई तं नाई. अन् मिटाले मी उठनार नाई."

चंद्रपूरच्या एका दुकानात मी अर्धी दुपार घालवली. दुकानदारानं काचेवर डझनभर चाकू मांडले. मी उजवा हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवून एकेक चाकू डाव्या हातानं उघडायला लागले.

"ताई, उजवा हात दुखून राह्यला का?"

"नाई, त्याले सुट्टी देली."

त्यानंतरचे चाकू त्यानं जरा लांबूनच सरकवले. बटण दाबलं की झटकन उघडणारे मी बाजूला केले. बसमध्ये तपासणीला ते सापडले असते तर मी आणि चाकू दोघंही खाली उतरलो असतो. शेवटी एक सापडला. पात्यावर अंगठ्यासाठी बारीकसं बोंड होतं. ते ढकललं की पातं तेलात बुडवल्यासारखं फिरायचं आणि उभं राहिलं की आतलं लॉक बसायचं. बोटांवर मिटण्याची भीती नाही. मी वीस वेळा उघडून पाहिला. विसाव्या वेळेला दुकानदारच म्हणाला, "घ्या ना आता!"

परतीच्या बसमध्ये पोलिसबाईनं पिशवीतून तो काढला. "हे कशाले?"

"बाच्यासाठी. जाळं विनते. एकच हात चालते त्याचा."

तिनं उघडून पाहिला, मिटला आणि पिशवीत परत टाकला. "चांगला हाय," म्हणाली. मला स्वतःचा अभिमानच वाटला.

घरी वडिलांनी पहिल्याच झटक्यात तो उघडला. ते हसले. तोंडाची एकच बाजू हसते आता, पण तेवढी भरपूर हसली. दोरा कापला. माय दारात उभी होती. मग चाकू मिटायची वेळ आली. मुठीतली लॉकची पट्टी अंगठ्यानं बाजूला दाबून धरायची आणि त्याच वेळी पातं आत ढकलायचं. अंगठा पट्टीवर, बाकीची बोटं मुठीवर. पातं ढकलणार कोण? त्यांनी खांबावर टेकवून पाहिलं, तर अंगठा निसटला आणि लॉक पुन्हा बसलं. मांडीवर टेकवायला गेले तशी माय ओरडली. मग त्यांनी चाकू माझ्यापुढे धरला.

"घे. मीट." आणि वर म्हणाले, "आधी काप म्हनत होतो. आता मीट म्हनीन."

मला राग आला, आणि पहिल्यांदा तो त्यांचाच आला. एवढं शोधून आणलं तर दोन दिवस शिका तरी. मग दुकान आठवलं. उघडताना माझा उजवा हात पाठीमागे होता. मिटताना तो दर वेळी आपणहून पुढे आला होता, वीसच्या वीस वेळा, आणि मला पत्ताही नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा चाकू रिकामा.

"तुये चाकू लय शाने हायेत, बाई," वडील म्हणाले. "साधा आन. लॉक-गीक नाई असा. अन् पात्याले पाठीकडून भोक पाडून आन."

"तो उघडनार कसा पन?"

"ते माह्याकडे लागलं."

आठवडी बाजारात लोहाराकडे लाकडी मुठीचा, नुसत्या स्प्रिंगवर बसणारा चाकू मिळाला. मी एरवी हातात धरला नसता असा. "भोक पाडलं का पातं कमजोर होते," लोहार म्हणाला. मी म्हटलं, दोराच कापायचा आहे. त्यानं तापवून भोक पाडलं. तापवल्यानं पोलाद मऊ पडतं, हे मला माहीत होतं. पण बोलायची हिंमत आता माझ्यात उरली नव्हती.

वडिलांनी त्या भोकातून जाड दोरा ओवला आणि त्याचा फास केला. एका हातानं आणि दातांनी. मला हात लावू दिला नाही. भावानं सांगितल्या जागी खांबाला खिळा ठोकला. वडिलांनी फास खिळ्यात अडकवला आणि मूठ ओढली. खट. फास सोडवून दोरा कापला. मग पात्याची पाठ खांबाला टेकवून मूठ पुढे दाबली. टक. चाकू मिटला.

माय पुढे आली. "धा वेळा करून दाखवा."

त्यांनी दहा वेळा करून दाखवलं. अकराव्यांदाही केलं, तिला खिजवायला. ती आत गेली आणि त्या रात्री भातावर तूप जरा जास्तच वाढलं.

तेव्हापासून माय चुलीपाशी बसून ते दोन आवाज ऐकते. खट झाल्यावर टक यायला उशीर झाला तर तिच्या हातातला पळा थांबतो. टक आला की पुन्हा फिरतो. हे ती कबूल करणार नाही. धार दर आठवड्याला लावावी लागते, पातं कडेला वाकलंही आहे, पण मी आता मतं देत नाही.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा जाळं दोनच हात विणायचं उरलं होतं. मी शेजारी जाऊन बसले. वडिलांनी चाकू उघडला, दोरा कापला आणि तसेच थांबले. पाळीवरून कोणीतरी होडी ओढत नेत होतं, तिकडे बघत होते. उघडा चाकू हातातच. आत पळा थांबल्याचं मला ऐकू आलं. मी हात पुढे केला, चाकू घेऊन मिटावा म्हणून.

त्यांनी तो माझ्यापासून लांब नेला.

"कोनं बलावलं तुले?"

"कोनी नाई, बा," मी म्हटलं, आणि हात मागे घेतला.