वहिनींनी न सांगितलेली गोळी

अनू, ये गं, अशी आजीजवळ बस. तो मोबाइल ठेव पालथा. सोमवारी अ‍ॅलर्जीची टेस्ट आणि सुईला घाबरतेस म्हणे, एवढी मोठी झालीस तरी! आधी आमच्या सुलभावहिनींचं ऐक, मग काय घाबरायचं ते घाबर.

नवघरला आमच्या समोरच्या दारात राहायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या. घरच्यांसाठी कोलंबीचं कालवण नुसत्या वासावर करायच्या. झाकण काढायचं, नाक पुढे करायचं आणि म्हणायचं, "चिमूटभर मीठ हवं." आणि खरंच हवं असायचं! एका लग्नात कोलंबी खाऊन ओठ सुजले, तेव्हापासून स्वतः मासळीच सोडली. सगळीच. "बांगड्याने काय घोडं मारलंय, वहिनी?" मी विचारायचे. "खरा सापडेपर्यंत सगळेच चोर," हे त्यांचं उत्तर.

शेवटी मीरा रोडच्या डॉक्टरांनी त्वचेची टेस्ट सांगितली. हातावर थेंब ठेवून हलकंसं टोचायचं, बस. पण वहिनी दवाखान्याच्या जिन्यातच थबकल्या. "कुंदाताई, त्यानेच घसा सुजला तर?" मला शहाणपण फार! पर्समधली सर्दीची गोळी काढली. "ही घ्या, काही होत नाही." अ‍ॅलर्जी दाबणाऱ्या गोळ्या टेस्टआधी आठ दिवस बंद ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला वाटलं, ते मोठ्या औषधांचं. सर्दीची गोळी काय, आपण येताजाता घेतो.

नंबर लागायला दोन तास गेले. आत, काही झालंच तर म्हणून इंजेक्शन, ऑक्सिजन, सगळं तयार होतं. सिस्टरने टोचलं आणि अर्धा तास समोरच बसवून ठेवलं. हातावर काही उठलं नाही. वहिनी खुलल्या. सिस्टरच्या कपाळाला मात्र आठ्या. "आजी, हा पहिला ठिपका सगळ्यांनाच उठतो. तोच उठला नाही, म्हणजे ही टेस्ट धरता येणार नाही. कुठली गोळी घेतलीत का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"नाही हो," त्या म्हणाल्या.

"मग दहा दिवसांनी परत या. तोवर मासे बंदच."

रिक्षात मी म्हटलं, "परत या म्हणणं हा त्यांचा धंदाच! उठलं नाही ना? संपलं." रविवारी मीच कोलंबी शिजवून नेली. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले. "बारा वर्षं झाली, कुंदाताई." दुसऱ्या घासानंतर ओठ सुजायला लागले, घशातून शिट्टीसारखा आवाज. खालच्याच दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचल्या.

त्यांचा प्रशांत पलंगाशी ओरडला, "आई, या वयात जिभेवर ताबा नाही? डॉक्टर नको म्हणाले होते ना!"

"मीच मागितली रे. कुंदाताईंना काही बोलू नकोस."

मी तिथेच उभी, त्यांच्या चपला हातात धरून. महिन्याभरात तो त्यांना नाशिकला घेऊन गेला. तिथे स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही म्हणे. चोरून खाईल, म्हणतो.

टोचल्यावर फार तर खाजेल गं अनू, आणि क्वचित कुणाला जास्त झालंच तर सिस्टर आहे, औषध आहे. फक्त विचारतील त्याचं खरं उत्तर दे. कुणाला वाचवायला जाऊ नकोस, मलासुद्धा.

काल मी प्रशांतला फोन केला. गोळीचं, रिक्षातल्या बोलण्याचं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे तुम्ही आईलाच सांगा." आण गं तो मोबाइल, लाव त्यांना. हॅलो, एक सांगायचंय, पण फोनवर नाही हो जमायचं, वहिनी. समोर बसून सांगायचंय. या ना लवकर, चार दिवस राहायलाच या.