दोन लिंबांचं लाकूड

बायको गेली त्याच उन्हाळ्यात परसातले दोन्ही कडुलिंब वाळले. शेजारपाजारचे म्हणाले, झाडांनी दुःख केलं. असलं बोलणं मला पटत नाही. झाड पाण्यावाचून मरतं, नाहीतर कुणीतरी मारतं. दुष्काळ होता हे खरं, पण भवानी पेठेतले बाकीचे लिंब उभे होते की. माझेच कसे गेले?

बुंध्यापाशी उकरून बघितलं. माती लालसर-निळी झालेली, वर मिठासारखा पांढरा थर. मी भिंतीपलीकडं बघितलं.

पलीकडं एक तेलुगू घर होतं. तिथली बाई माग चालवणाऱ्यांसाठी घरीच सूत रंगवायची. माझ्या बायकोला अक्का म्हणायची, म्हणून मी तिचा दाजी. रंगवलेलं सूत ती अंगणात बांबूवर वाळत घालायची आणि आमच्या लिंबांची सावली नेमकी त्याच्यावर पडायची. वरनं पाला गळायचा, कावळे घाण करायचे. "अक्का, एक फांदी तरी काढा की," असं तिनं कितीदा म्हटलेलं मी ऐकलं होतं. बायको हसायची आणि काढायची नाही. आता झाडं वाळली आणि हिच्या सुताला दिवसभर ऊन मिळायला लागलं. यात समजायला काय शाळा लागते? मी मनात ठरवलं, झाडं कुणी मारली हे तिच्या तोंडून आल्याशिवाय या लाकडाची काडीसुद्धा कुणाला द्यायची नाही.

पण लाकूड म्हटलं की माणसं कुठनं येतात कळत नाही. पहिला आला सुतार. बोटाच्या पेरानं बुंधा ठोकला, तोंड वाकडं केलं.

"आतनं पोकळ हाय मामा. जळणाच्या भावानं जाईल."

मी ठोकून बघितलं. भरीव लाकूड, ठणठणीत वाजलं. "पोकळ हाय तर तू कशाला नेतोस?"

"तुमच्यासाठीच नेतो की. उद्या घरावर पडलं म्हंजे?"

"पडू दे. घरात मी एकटाच हाय."

जाता जाता हसत म्हणाला, "आणि ठेवून तरी काय करणार? तुमच्यात तर शेवटाला बी लाकूड लागत न्हाय."

खरंच होतं ते. आम्ही लिंगायत, माणसाला मातीत बसवतो. तिलाही तसंच बसवून आलो होतो. खरं बोलला म्हणूनच मला जास्त राग आला.

मग मुलगा आला. तो होटगीला रेल्वेत होता, क्वार्टरमध्ये राहायचा. आईच्या फोटोला हात जोडले आणि थेट परसात गेला. मी दारातनं बघत होतो. बुंधा वितीनं मोजत होता.

"अप्पा, याचा झकास पलंग होईल. लिंबाला ढेकूण लागत नाहीत."

"पलंग कुठं ठेवायचा?"

"घरात."

"कुठल्या घरात?"

तो परत बुंध्याला वीत लावायला लागला. मी म्हणालो, "तुझी आई उन्हाळाभर खाली सतरंजीवर पडून होती. तवा पलंग आठवला न्हाय?"

चहा न पिताच गेला.

पाऊस सुरू व्हायच्या आत झाडं पाडून घेतली, नाहीतर भिंतीवर आली असती. झाडतोड चालली होती तेव्हा मी खुर्ची टाकून समोर बसलो. ओंडके रचून घेतले, त्यांना सायकलची साखळी घातली आणि कुलूप लावलं. गल्लीत हसले. हसू दे म्हटलं.

आणि मग एक दिवस ती रंगवाली भिंतीवरनं डोकावली. "दाजी, दोन खांब द्याल काय? माझ्या बांबूंना वाळवी लागली."

मी तिची वाटच बघत होतो. "आधी झाडं मारलीस, आता लाकूड मागतेस व्हय?"

"मी? मी काय मारलं?"

तिला बोलावून आणलं, माती दाखवली. "हा तुझ्या कढईतला रंग न्हाय?"

"माझाच की," ती म्हणाली. अगदी सहज. "अक्कानंच सांगितलं होतं. नळाला पाणी न्हाय, तिला उठवत न्हाय. तिसऱ्या पिंपातलं पाणी झाडांना घालत जा म्हणाली. तुम्ही गिरणीत गेलात की मी रोज घालत होते."

रंगवलेलं सूत तीन पिंपांत एकामागून एक धुतात. पहिल्यात जादा रंग आणि रंग पक्का व्हायला घातलेला खार उतरतो, तिसऱ्यातलं पाणी नितळ असतं. त्यानं बायका अंगणसुद्धा धुतात. हे पेठेत सगळ्यांना ठाऊक. पण मीही सूतगिरणीत जन्म काढलेला माणूस.

"दुष्काळात पाणी रोज बदलत होतीस?" मी विचारलं.

"कुठलं रोज? त्याच पाण्यात सुताच्या घाण्यामागून घाणा धुवायचो. थोडं झाडांना काढलं की वर थोडं नवीन." बोलता बोलता तिनं माती चिमटीत घेऊन चुरली. मनगटापर्यंत निळे झालेले आपले हात बघत राहिली. "नितळ दिसत होतं की, दाजी."

खार डोळ्यांना दिसत नाही. पण तरी मी विश्वास ठेवला नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. म्हटलं, ही बाई गोष्ट रचून आलीय.

"अक्का असं सांगेल? मला सोडून तुला?"

"तुम्हाला ध्यान राहायचं न्हाय म्हणाली. थोरल्याला दोन घागरी आणि धाकट्याला एक, असं सांगितलं होतं."

थोरला आणि धाकटा. झाडांची ही नावं बायको परसात एकटी असताना घ्यायची. मी आतनं ऐकायचो आणि न ऐकल्यासारखं करायचो. घराबाहेर ती नावं कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

मी आत गेलो, किल्ली आणली, कुलूप काढलं. "कुठले पाहिजेत ते बघ," म्हणालो.

तिनं दोन सरळसोट ओंडके निवडले. ते तिच्या अंगणात जाऊ दिले नाहीत मी. आता ऊन माझ्या परसात जास्त होतं. जिथं झाडं होती तिथंच दोन खड्डे घेऊन खांब रोवले, मध्ये दोरी बांधली आणि सांगितलं, सूत हितं वाळत घाल, पण खाली घमेली ठेवायची. एक थेंब मातीत पडता कामा नये. मला तिथं परत रोप लावायचंय.

बाकीच्या लाकडाचा पलंग त्याच सुताराकडनं करून घेतला, समोर बसून. मुलाला हवा असेल तर मी गेल्यावर न्यावा.

ती अजून सूत घालायला येते. जाताना घमेली उचलून नेते. ती गेली की मी खाली बसतो, चिमूटभर माती जिभेला लावतो आणि खारट लागते का बघतो.