लिमच्या गळ्यातली राख

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — पण सांगतो.

आखातातल्या फुजैरा बंदरात, आमच्या ऑफिसात लिम होता. मलेशियातला चिनी, साठीचा, टँकरमधलं तेल मोजणारा. बायको-मुलं पुण्याला परत गेल्यापासून मी एकटा. तो तर कायमचाच. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, चहा घेऊन बसायचो, लांब नांगर टाकलेली जहाजं बघत. बोलणं थोडंच. पण आठवडाभर मी त्याच दिवसाची वाट बघायचो.

त्याच्या गावच्या बंदरात माझूचं, म्हणजे त्यांच्या समुद्रदेवीचं, फार जुनं देऊळ आहे. वडील बोटीवर निघाले की आई त्याला तिथे न्यायची. मोठ्या धूपपात्रातली चिमूटभर राख लाल कापडी पिशवीत घालायची, पिशवी धुरावरून तीनदा ओवाळायची आणि वडिलांच्या गळ्यात बांधायची. राख गळ्यात, म्हणजे देवी सोबत. तीच पिशवी आता लिमच्या गळ्यात होती, पण आतली राख कधीच गळून गेलेली. रिटायर व्हायच्या आधी एकदा जाऊन भरून आणीन, म्हणायचा. रजाही टाकून ठेवली होती.

नेमकं कंपनीने मला ट्रेनिंगसाठी त्याच्याच गावी पाठवलं. त्याने पिशवी काढून माझ्याकडे दिली — दोन्ही हातांनी.

आता कसं सांगू? देऊळ हॉटेलपासून दहा मिनिटांवर होतं. मी पाच दिवस होतो. रोज उद्या, उद्या. शेवटच्या दिवशी मॉलमध्ये मुलीचे बूट बघत बसलो. विसरलो म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. राखेसाठी कोण उन्हात तडफडणार — हेच आलं होतं मनात. आणि माझ्या पाकिटात आईने दिलेला अंगारा, गेली पंधरा वर्षं. तो कुणी असा बदलला असता, तर मी त्याला सोडलं असतं?

परत आलो. आंघोळ केली, देवापुढे उदबत्ती लावली आणि खाली पडलेली राख त्या पिशवीत भरली. देव सगळे एकच, म्हणतो ना आपण? फार सोयीचं पडतं ते.

लिमने पिशवी कपाळाला लावली. ओवाळलीस ना? हो, तीनदा. देवीच्या तोंडावर अजून काजळी आहे? आहे म्हटलं. ऑफिसच्या पॅन्ट्रीत, कपबशांसमोर उभा राहून तो रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "खलास. तीच इथे आली. आता मी कशाला जाऊ?"

रजा त्याने रद्द केली.

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. तो चिडला असता, माझ्याशी बोलणं टाकलं असतं — पण गावी गेला असता. मला माझी सुट्टीची सोबत घालवायची नव्हती. खरं ते एवढंच.

चार महिन्यांनी लिम वारला. हार्ट. गावाकडे पाठवला तेव्हा पिशवी गळ्यातच होती. नंतर त्याच्या बहिणीचा फोन आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, भाऊ घरी आला नाही याचं वाईट वाटतं, पण तुमच्यामुळे शेवटी देवी त्याच्यापाशी होती.

मी म्हणालो, त्यात काय एवढं, माझं कर्तव्यच होतं ते.