धुईतली पुढची बंडी

पन्नास सालानंतरच्या त्या हिवाळ्यांत आम्ही धनजहून कारंज्याला कापसाच्या बंड्या न्यायचो. सात-आठ बंड्या, एकीमागं एक. पहाटे धुई अशी पडायची की आपल्याच बैलांची शिंगं दिसत नसत. अशा वेळी पुढच्या बंडीवाल्यानं खाली उतरायचं, कासरा धरून बैलांच्या पुढं पायी चालायचं आणि दर शंभर पावलांवर हाळी द्यायची. मागच्यांनी हाळीवर बंडी हाकायची.

पुढची बंडी माझ्या बापाची असायची. तो गेल्यावर ती माझीच, असं मी धरून चाललो होतो. पण गावातल्या म्हाताऱ्यांनी ती चुलतभावाला दिली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान! “त्याच्या मागं डोळे मिटून जावं,” म्हणत लोक. हे शब्द मला करडईच्या काट्यासारखे टोचत.

एकदा अवकाळी पाऊस झाला, आणि तिसऱ्या दिवशी दाट धुई. तो आपला पायानं वाट चाचपत चाललेला. मी मागून ओरडलो, “काबे, बंडी नेऊन राह्यला का पोरगी सासरी धाडून राह्यला?”

सगळे हसले. तोही हसला. मग मला जास्तच चढलं. मी बंडी बाजूनं काढली. बैल अडले. बैलाला कळतं, पण मला कुठं कळून घ्यायचं होतं! तुतारीच्या काठीची आर टोचली, शेपटी पिरगाळली. डावं चाक रस्ता सोडून काळ्या चिखलात आसापर्यंत गेलं. बंडी कलली, कापूस एका अंगाला आला.

त्यानं रांग थांबवली. आपली जोडी सोडून माझ्या बैलांपुढं जुंपली.

“खाली उतर ना दादा.”

“मी नाही उतरत.”

“बरं, बस. तुझं वजनच किती!”

पुन्हा सगळे हसले. बंडी निघाली. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, “आता पुढं आलाच आहेस, तर तूच चाल पुढं.”

मग उतरावंच लागलं. कासरा धरून चाललो, गार चिखलात पाय बधिर. हाळी देत होतो. पण माझ्या हाळीमागं लगेच त्याची हाळी यायची, आणि बंड्या निघायच्या त्या त्याच्या हाळीवर. चाकांच्या आवाजावरून मला समजत होतं.

कारंज्याच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं विचारलं, “एवढ्या धुईत कोणं आणल्या बंड्या?”

“दादानं,” तो म्हणाला. चिखलाचा शब्दही काढला नाही.

काढला असता तर मी भांडलो तरी असतो! आज तो नाही, तरी ते ‘दादानं’ माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. पुढच्या खेपेला कोणी काही म्हणायच्या आत मी माझी बंडी सगळ्यांच्या मागं नेऊन लावली. बैल नवे आहेत, असं सांगितलं. चार वर्षांपासून होते ते माझ्याकडं.