ओ देणारं बेट

अंदमानला जायचं आमचं चार वर्षांपासून ठरत होतं आणि चार वर्षांपासून मोडत होतं. कधी माझ्या कॉलेजच्या परीक्षा आडव्या यायच्या, तर कधी आमच्या यजमानांची साखर वाढायची. शेवटी नांदेडच्या नणंदेने मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. ‘मराठवाड्याचं अंदमान. बेट, पांढरी वाळू, बोट आणि गावरान जेवण. एका दिवसाची सहल, मोजकीच माणसं, सोबत गाईड.’ खाली नारळाच्या झाडाचं चित्र. किनवट तालुक्यात नारळ कुठून आला, असं मी विचारलं, तर हे शांतपणे म्हणाले, “चित्रात असतो.” दुधाची तहान ताकावर, असं म्हणून आम्ही नाव नोंदवलं.

इथे एक सांगून ठेवते. या लेखात यजमानांचा उल्लेख ‘हे’ असाच येईल. मी लातुरात अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि वर्गात बायकांच्या हक्कांवर तावातावाने बोलते. पण पंचवीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याला नावाने हाक मारलेली नव्हती. लग्नात उखाण्यात नाव घेतलं, तेवढंच. सासूबाईंचा तसा दंडक होता. पुढे त्या गेल्या आणि सवय मागे राहिली. हाकेला ‘अहो’ पुरत होतं.

आदल्या दिवशी एसटीने नांदेड गाठलं, नणंदेकडे मुक्काम केला आणि पहाटे गाईडच्या जीपमध्ये बसलो. गाईडचं नाव सुभाष. पस्तिशीचा, काळा गॉगल केसांवर चढवलेला, बोलका. आमच्याशिवाय आणखी तिघं होती. अक्षय आणि पूजा हे नांदेडचं नवविवाहित जोडपं, आणि कांबळे सिस्टर. त्या सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स, आणि आता महिन्याला एक सहल करायची असा त्यांचा नेम. पूजा नवऱ्याला सारखी “अक्षय, खिडकी लाव”, “अक्षय, पाणी दे” करत होती. मला जरा मौज वाटत होती आणि जरा हेवाही.

भोकरला उजाडलं. टपरीवर गरम भजी आणि सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा आमच्याकडचा नाश्ता) मिळाला. यांनी भजी नको म्हटलं, माझ्याकडे बघत चार उचलली मात्र. भोकर सोडल्यावर कापसाची रानं मागे पडली आणि सागाची सुरू झाली. थंडीत पानं वाळली होती, टायरखाली पापडासारखी वाजत होती. इस्लापूर ओलांडून आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो आणि एका वळणावर एकदम पाणी दिसलं. धरणाचं नाव मी लिहीत नाही. तिथे गर्दी होऊ नये म्हणून लिहायचं नाही, असं मी जाताना ठरवलं होतं. आता कारण वेगळं आहे.

आम्ही लातूरची माणसं. एवढं पाणी एका जागी बघितलं की आम्हाला आधी शंकाच येते. काठावर एक मोटरबोट होती आणि ती चालवायला सुभाषचे चुलते, ज्यांना सगळे दाजी म्हणत. दाजी दिवसभरात काही बोलले असतील तर मी ऐकलं नाही. बोट निघाली. पाण्यातून मेलेल्या झाडांचे बुंधे वर आलेले होते. त्यांच्यावर पाणकावळे बसले होते, पण जसजसं बेट जवळ येऊ लागलं तसतसे तेही कमी होत गेले. बेटाच्या पलीकडे, उत्तरेला, पाण्यातून सरळ वर उठलेला काळा कडा होता.

उतरायच्या आधी सुभाषने गॉगल डोळ्यांवर घेतला. “दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कड्याच्या अंगाला पाण्यात उतरायचं न्हाई. गुडघाभर दिसतंय, पण मधी जुन्या गावची विहीर हाय. उघडीच हाय. दुसरं म्हणजे, बेटावर हाका मारायच्या न्हाईत.”

“का?” पूजाने विचारलं.

“ओ येते.”

“कोणाची?”

“आता ते म्या काय सांगू ताई. धरण झालं तवा गाव उठलं. सगळी माणसं निघाली, असं म्हणतेत.”

अक्षय हसला. मीही हसले. गाईड लोकांच्या पोतडीत अशी एखादी गोष्ट असतेच.

किनारा मात्र जाहिरातीपेक्षा सुंदर होता. पैनगंगेने आणून टाकलेली बारीक, फिकट वाळू, आणि तिच्यात लाल गोटे विखुरलेले. मी एक उचलला. तो दगड नव्हता. तो कवेलूचा (घरावरच्या मातीच्या कौलाचा) तुकडा होता, पाण्याने घासून पेढ्यासारखा गोल झालेला. सगळा किनारा तसाच होता. कांबळे सिस्टरना वाळूत अर्धं गाडलेलं दगडी उखळ सापडलं. त्यांनी त्यातली वाळू हाताने काढली आणि म्हणाल्या, “कोणाच्या तरी घरात बसलोय आपण. विचारलं बी न्हाई.” पाखरू नव्हतं, वारा नव्हता. काठाला पाणी लागत होतं, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

सुभाष आणि दाजी बोटीतून जेवणाची भांडी उतरवत होते. अक्षय-पूजा फोटो काढत होते. हे हळूच म्हणाले, “जाऊन येतो जरा,” आणि बेशरमाच्या झुडपांमागे गेले. साखरेच्या माणसाला दर तासाला जावं लागतं, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग धुई (दाट धुकं) उतरली. ऊन वर आलं की ती हटते, एवढं मलाही ठाऊक आहे. ही उलट ऊन गिळत आली. आधी कडा गेला, मग झुडपं गेली, मग शेजारी बसलेल्या सिस्टरचा चेहरा पुसट झाला. हे अजून आले नव्हते. सुभाषचं सांगणं आठवलं, पण नवरा धुक्यात असताना असल्या गोष्टी कोण पाळतं. मी हाक मारली, “अहो.”

“हो,” असं लगेच उत्तर आलं.

जीव भांड्यात पडला. थोडं थांबून पुन्हा विचारल्यासारखी हाक मारली, “अहो?” तेव्हाही “हो” आलं. आवाज बारीक होता, जरा कंटाळलेला, अगदी यांचाच. येतील म्हणून मी बसून राहिले. कवेलूचे तुकडे गोळा करत बसले, हे आज लिहितानाही माझी मला चीड येते.

बराच वेळ गेला. सुभाष चाचपडत आला. “सगळे हायेत ना? साहेब कुठं हायेत?”

“ते तिकडे आहेत,” मी हात केला. “ओ देतायत.”

सुभाषने माझ्या हाताच्या दिशेला पाहिलं आणि गॉगल काढला. “तिकडून ओ देऊन राहिले?”

“हो. दोनदा दिली.”

“बाई, तिकडं बेट न्हाई. तिकडं पाणी हाय.”

मी उठून ओरडत सुटले, “अहो, अहो,” आणि प्रत्येक वेळी समोरून, पाण्यावरून, न चुकता “हो” येत होतं. सिस्टरनी माझा दंड घट्ट धरला नसता तर मी त्या आवाजाच्या मागे चालत गेले असते. “आवाज येतोय म्हणजे माणूस ठीक हाय,” त्या म्हणाल्या. अक्षय बॅटरी घेऊन झुडपांकडे निघाला आणि दोन पावलांत दिसेनासा झाला. घाबरून पूजा किंचाळली, “अक्षय!”

पाण्यावरून उत्तर आलं, “क्षय.”

पूजाला त्या शब्दाचं काही वाटलं नसावं. पण ज्याचा नाश होत नाही तो अक्षय आणि नाश म्हणजे क्षय, हे मी वर्गात फळ्यावर लिहून देते. अख्खा शब्द गेला होता आणि त्याची शेपटी तेवढी परत आली होती. कड्यावरून. म्हणजे ‘अहो’चं ‘हो’ झालं होतं. इतका वेळ मी माझ्याच आवाजाशी बोलत बसले होते, आणि यांनी एकदाही ओ दिलेली नव्हती.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, ती याहून वाईट होती. माझी हाक कड्यावर आपटून परत येत असेल, तर धुक्यात उभ्या असलेल्या यांना ती कुठून ऐकू येत असेल? समोरून. कड्याकडून. मी जितक्या हाका मारत होते तितकी मीच त्यांना पाण्यात बोलावत होते. सुभाषला मी हे सांगितलं तेव्हा तो बोटीकडे पळाला.

‘अहो’ म्हणायचं नव्हतं, आणि गप्पही राहवत नव्हतं. तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते माझं मलाच परकं वाटलं.

“व्यंकट! थांब! आहेस तिथेच थांब!”

नावामागून एकवचन आपोआप आलं. कड्याने “थांब” परत दिलं. थांबायला कोणत्याही दिशेने सांगितलं तरी चालतं, हे मला नंतर सुचलं. तेव्हा काही विचार केला नव्हता. मी पुन्हा पुन्हा तेच ओरडत राहिले. घसा फाटला. बोटीचं इंजिन बंद होतं, दाजी बांबूने बोट रेटत होते आणि त्या बांबूचा चुबुक चुबुक आवाज दूर दूर जात होता. अक्षय कधी परत येऊन शेजारी उभा राहिला ते मला कळलंच नाही.

खूप वेळाने सुभाषचा आवाज आला. “गावले. उभे हायेत.”

हे मांडीभर पाण्यात उभे होते, दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. त्यांना बोटीत घेतल्यावर दाजींनी ते उभे होते त्याच्या हातभर पुढे बांबू टेकवून पाहिला. बांबू टेकलाच नाही. वरचं टोक पाण्याला लागेपर्यंत आत गेला. ही गोष्ट सुभाषने नंतर मला वेगळं बोलावून सांगितली, यांच्यासमोर नाही.

बोट जवळ आली तशी मी कमरेपर्यंत पाण्यात शिरून यांना धरलं आणि सगळ्यांसमोर रडले. सिस्टरनी नाडी पाहिली, बॅगेतली गोळी दिली, कोरडा टॉवेल गुंडाळला. बेटावर जेवायला कोणी तयार नव्हतं. अलीकडच्या काठावर येऊन, सागाच्या झाडाखाली भाकरी, ठेचा आणि तळलेले मासे खाल्ले. यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला घास उतरला नाही. पाठीमागे धुई निघून गेली होती आणि बेट उन्हात चमकत होतं, जाहिरातीतल्यासारखं.

परतीला सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायचं ठरलं होतं. सुभाषने जीप थांबवली नाही आणि कोणी आठवणही केली नाही. भोकरच्या अलीकडे, सगळे डुलक्या घेत असताना, हे हळू आवाजात बोलू लागले.

“पाण्यात आहे हे कळत होतं मला. पण तू समोर होतीस. मधे थोडं पाणी आहे, ओलांडलं की झालं, असं वाटलं.”

“माझी हाक कड्यावरून येत होती,” मी म्हणाले. मास्तरकी जात नाही. मी अक्षय आणि क्षय सगळं समजावून सांगितलं. यांनी ऐकून घेतलं.

“असेल. पण तू ‘अहो, इकडे या, इकडे या’ म्हणत होतीस.”

मी फक्त ‘अहो’ म्हटलं होतं. दिवसभरात ‘इकडे या’ हे शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. ते मी यांना सांगितलं नाही. “मग थांबलात कसे?” एवढंच विचारलं.

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मागून कोणीतरी बाई माझं नाव घेऊन ओरडायला लागली. अरे-तुरे करत. सुभाष म्हणाला होता ना, बेटावर आवाज येतात. मला वाटलं, ते हेच. माझी बायको काही नाव घेत नाही. एवढा भ्यालो की पाऊलच उचलेना.”

म्हणजे समोरचं जे होतं ते बायको, आणि मागून जीव तोडून ओरडणारी मी भूत. त्या भुताला घाबरले म्हणून हे वाचले. मी यांचा हात हातात घेतला आणि नांदेड येईपर्यंत सोडला नाही.

सहल कशी झाली, असं लातुरात शेजारीपाजारी विचारतात. वाळू स्वच्छ होती, जेवण झणझणीत होतं, असं मी सांगते आणि त्यात खोटं काही नाही. आता मी यांना नावाने हाक मारते. कॉलनीतल्या बायका गालात हसतात, बाईंना उतारवयात फॅशन सुचली म्हणतात. म्हणू देत. ‘अहो’ ही कोणाचीच हाक नसते, ती कोणीही मारावी आणि कोणीही तिला ओ द्यावी. नाव एकाच माणसापाशी जाऊन पोचतं, हे कळायला मला त्या बेटावर जावं लागलं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीला मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते आणि हे बैठकीत पेपर वाचत होते. एकाएकी यांचा आवाज आला, “हो, आलो.” खुर्ची सरकली. पावलं वाजली, पण ती स्वयंपाकघराकडे येत नव्हती, बाहेरच्या दाराकडे निघाली होती.

मी हाक मारली नव्हती. लाटणं हातातून सुटलं आणि मी होतं नव्हतं ते बळ एकवटून ओरडले, “व्यंकट, थांब.”

दाराची कडी वाजायची थांबली.